शेजवळ मॅडमचा राहिलेला तास

औषधशास्त्राच्या पहिल्या तासाला शेजवळ मॅडम वर्गात आल्या त्या पुस्तक न घेता. हातात लहान मुलांच्या सिरपच्या तीन-चार बाटल्या होत्या आणि एक ड्रॉपर. स्वतःचं नाव सांगितलं नाही, आमची विचारली नाहीत. "तळहात पुढे करा," म्हणाल्या. आम्ही केले. प्रत्येकीच्या तळहातावर एक-एक थेंब टाकत त्या शेवटच्या बाकापर्यंत गेल्या, आणि तिथूनच म्हणाल्या, "चाटा."

इतकं कडू मी त्याआधी काही चाटलं नव्हतं. कुणी थुंकलं, कुणी ओढणीला जीभ पुसली. मॅडम शांतपणे बाटलीचं झाकण लावत होत्या.

"हे तुम्ही उद्या वॉर्डात एखाद्या लेकराचं नाक दाबून त्याच्या तोंडात ओतणार. ते थुंकलं की त्याच्यावर खेकसणार. म्हणून म्हटलं, आधी चव कळू दे."

नाशिकच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात त्या आम्हाला शिकवायच्या. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, अंगानं दणकट, चालणं पुरुषी, आणि आवाज मात्र सहावीतल्या मुलीसारखा बारीक. नवीन मुलींना हसू यायचं. ते महिनाभर टिकायचं. फळा डस्टरनं न पुसता त्या हातानंच पुसायच्या, मग तोच हात पदराला. दुपारपर्यंत त्यांच्या साडीवर औषधांची अर्धी-मुर्धी नावं उमटलेली असायची. लग्न केलं नव्हतं. एकलहऱ्याजवळच्या एका कॉलनीत म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. संध्याकाळी दोघी मिळून मालिका बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्यापाशी तक्रार करायच्या, "काल त्या हिरोला सलाईन लावलं होतं, आणि नळीची चकती बंद! मेला तो चार भाग बेशुद्ध आहे, उठणार कसा?"

शिकवताना त्यांना मोठे शब्द आवडत नसत. साइड इफेक्ट हा शब्द तर त्यांच्या डोक्यातच जायचा. "औषधाला बाजू नसतात. ते जे करायचं ते सगळंच करतं. त्यातलं आपल्याला हवं त्याला आपण परिणाम म्हणतो आणि नको त्याला साइड इफेक्ट म्हणून मोकळे होतो." औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, शिकवायचं होतं तेव्हा त्यांनी अख्खा वर्ग उभा केला. टेबलावर डस्टर आपटला की अर्ध्या मुलींनी बाहेर जायचं. पुन्हा आपटला की उरलेल्यांतल्या अर्ध्या. असं करत शेवटी आत दोघी राहिल्या, तेव्हा बाहेरच्यांना म्हणाल्या, "ज्याची किडनी दमलेली असते ना, त्याच्या वर्गात घंटा उशिरा वाजते. मुली बाहेर जात नाहीत. आणि आपण दर सहा तासांनी नव्या मुली आत ढकलतोच आहोत. मग काय होईल?"

"चेंगराचेंगरी," कुणीतरी म्हणालं.

"त्याला पुस्तकात विषबाधा म्हणतात. तू चेंगराचेंगरी लिही. मी मार्क देईन."

टेबलावर दोन सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूल, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, ठेवायच्या आणि मागच्या बाकावरच्या मुलीला विचारायच्या, यातली कुठली काय? लांबून जिनं नाव सांगितलं तिला झापायच्या, उत्तर बरोबर असलं तरी. जी उठून टेबलापाशी येऊन वाचायची तिला काही बोलायच्या नाहीत. तेच त्यांचं कौतुक.

वडिलांविषयी त्या एकदाच बोलल्या. स्टेरॉइड शिकवत होत्या, मध्येच थांबल्या.

"माझे वडील इथं पॉवर स्टेशनला कोळशाच्या कामावर होते. दम लागायचा. कॉलनीबाहेर एक डॉक्टर बसायचा. त्याची सुई घेतली की दुसऱ्या दिवशी वडील सायकल हाणत कामावर. माझी आई त्या माणसाला देव मानायची. वडिलांचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. शेजारचे म्हणायचे, शेजवळांची तब्येत सुधारली. मग एकदा मोरीतली बादली उचलताना पाठीतून कट्ट असा आवाज आला आणि ते तिथंच बसले. मणका आतून पोखरला होता. पुढची वर्षं खाटेवर. मी तेव्हा बारावीत होते. ती सुई कसली होती, हे मला नर्सिंगला आल्यावर कळलं."

त्यांनी खडूचा हात पदराला पुसला.

"बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. औषध घेऊन ज्याला लगेच बरं वाटतंय, त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा." आणि त्या पुन्हा मात्रेकडे वळल्या.

आमच्या वर्गात यमुना भोये होती. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. हॉस्टेलमध्ये तिची खाट माझ्या शेजारी. सडपातळ, कामाला चपळ, बोलायला कमी. बेड करताना चादरीला अशी घडी घालायची की वॉर्डातल्या सिस्टर तिलाच हाक मारायच्या. इंग्रजीत मात्र अडायची. मॅडम तिला तासानंतर थांबवून औषधांची नावं देवनागरीत फोडून द्यायच्या. मॅडमची ती लाडकी होती असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या परीनं असेलही. तिला त्या आमच्याहून जास्त ओरडायच्या.

दुसऱ्या वर्षी आमची ड्युटी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये लागली. तिथं स्टाफ अपुरा असायचा, त्यामुळे विद्यार्थिनींनी बघून शिकायचं ते बाजूला राहून सगळं आम्हीच करायचो. एका दुपारी मेडिकल वॉर्डात मी आणि यमुना होतो. सटाण्याचे एक गृहस्थ ॲडमिट होते, कांदा मार्केटमध्ये मापारी. जुलाब-उलट्यांनी गळून गेले होते आणि रक्तातलं पोटॅशियम खाली आलं होतं. डॉक्टरांनी पोटॅशियम लिहून दिलं. ते सलाईनच्या बाटलीत मिसळून अगदी हळू, थेंबाथेंबानं द्यायचं असतं. सरळ शिरेत कधीच नाही. सरळ दिलं तर हृदय जागच्या जागी थांबतं.

इन्चार्ज सिस्टर दोन वॉर्ड एकटी बघत होती. दुसऱ्या पेशंटला धावत जाताना तिनं ट्रेकडे बोट केलं आणि यमुनाला सांगितलं, "सहा नंबरला पोटॅशियम देऊन टाक."

यमुनानं ॲम्प्यूलवरचं नाव वाचलं. नीट वाचलं. औषध सिरिंजमध्ये भरलं आणि हाताला लावलेल्या सुईतून हळूहळू, पण सरळ शिरेत देऊन टाकलं.

मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगला होते. ओरडणं ऐकू आलं, पोचेपर्यंत संपलंही होतं. मग धावपळ झाली, छाती दाबणं झालं, डॉक्टर आले. यमुना रिकामी सिरिंज हातात घेऊन भिंतीला टेकली होती आणि मला विचारत होती, "काय झालं? अहिरे, काय झालं गं त्यांना?"

ते हार्ट ॲटॅकनं गेले, असं नातेवाइकांना सांगितलं गेलं.

चार-पाच दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. हॉस्पिटलचे मॅनेजर, एक डॉक्टर, ती इन्चार्ज सिस्टर, प्राचार्य आणि शेजवळ मॅडम. त्या वॉर्डात मीही होते म्हणून मला बोलावलं होतं. यमुना खुर्चीवर बसली होती आणि मान वर करत नव्हती. मला विचारायचं ते विचारून झालं, पण बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही. मी दाराशी उभी राहिले.

मॅनेजरांचं म्हणणं सरळ होतं. विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा. तिला काढून टाका, बाहेर वाच्यता नको, आणि उद्या नातेवाइकांनी काही काढलंच तर नाव तिचं.

प्राचार्य मॅडमकडे वळले. "तुम्ही फक्त एवढंच सांगा. हा भाग वर्गात शिकवला होता की नाही?"

"शिकवला होता."

"मग झालं तर."

"नाही झालं, सर," मॅडम म्हणाल्या. तो बारीक आवाज त्या खोलीत फार विचित्र वाटला. "मी शिकवला तेव्हा ही वर्गात नव्हती. आई आजारी म्हणून गावी गेली होती. मला विचारून गेली होती. मी तिला म्हटलं होतं, आलीस की तो तास तुझ्यासाठी वेगळा घेईन. मग इन्स्पेक्शन आलं. तुम्ही मला तक्ते रंगवायला बसवलंत. तास राहिला. मी विसरले. ती दोनदा आठवण करायला स्टाफरूमच्या दारात आली होती, मी हातानंच तिला जा म्हटलं."

यमुनानं पहिल्यांदा मान वर केली.

"मॅडम, हे तुम्ही कशाला..." प्राचार्य म्हणाले.

"आणि आता माझं विचारून घेते. ती ॲम्प्यूल नुसती ट्रेमध्ये का होती? ती कुलपात हवी. दुसऱ्या वर्षाच्या पोरीला एकटीला ती कुणी द्यायला लावली? शेजारी कोण उभं होतं?"

इन्चार्ज सिस्टर रडायला लागली. डॉक्टर मोबाइल बघत होते. मॅनेजर म्हणाले, "विषय तो नाहीये."

विषय तो झालाच नाही. मॅडमचं आधीचं बोलणं त्यांना पुरेसं होतं. शिक्षिकेनं स्वतःच कबूल केलं, आता आणखी काय पाहिजे. महिन्याच्या आत मॅडमना काढलं. यमुनावर काही आलं नाही. पण निर्णय व्हायच्या आधीच ती खाटेवरची गादी गुंडाळून, पेटी घेऊन निघून गेली होती. आम्हाला कुणालाही न सांगता.

एका रविवारी मॅडमचा फोन आला. "अहिरे, तुझं गाव सटाण्याकडचं ना? तिकडची बोली येते ना तुला? चल माझ्याबरोबर." कुठं ते विचारायची गरज नव्हती. बसमध्ये देवळा आल्यावर म्हणाल्या, "तिला माझं बोलणं कळलं नाही तर तू सांग. पण मऊ करून सांगू नकोस."

त्या गृहस्थांची बायको चाळिशीचीही नसेल. ओसरीत तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. आम्ही हॉस्पिटलमधून आलो असं वाटून तिचा दीर दारातच उभा राहिला. मॅडमनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. हार्ट ॲटॅक नव्हता. कुठलं औषध होतं, कसं द्यायचं असतं, कसं दिलं गेलं. ऐकताना त्या बाईचा चेहरा हलला नाही.

"कोनी दिन्हं ते?" तिनं विचारलं.

"माझ्या विद्यार्थिनीनं. तिला शिकवायचं माझ्याकडून राहिलं होतं."

नाव तिनं विचारलं नाही. बराच वेळ सतरंजीची दशी ओढत राहिली. मग म्हणाली, "त्यास्ले तरास व्हयना का?"

त्यांना त्रास झाला का, विचारत होती. मी मॅडमकडे बघितलं. इथं कुणीही नाही म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. वॉर्डात रोज म्हणतो आपण.

"हो," मॅडम म्हणाल्या. "ते औषध शिरेत आग होऊन जातं. थोडा वेळच. पण झाला असेल."

त्या बाईच्या गळ्यातून कसलासा आवाज निघाला. मला वाटलं आता ही कोसळणार. पण ती दिराकडे वळली. "मी आयकं व्हतं," ती म्हणाली. "मी भायेर बाकवर बठेल व्हतू. त्यास्नं वरडनं मी आयकं व्हतं. सम्दा म्हनेत, तुले भास व्हयना." आणि मग ती रडली. मोकळं, मोठ्यानं. मॅडम तिच्या शेजारी सरकल्या, पण हात लावला नाही. तशाच बसून राहिल्या.

पुढे त्या कुटुंबानं तक्रार केली. मॅडमनी जबाब दिला, स्वतःविरुद्धच म्हणायचा. ते प्रकरण अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. हॉस्पिटल चालू आहे, नवीन मजला चढलाय. मॅडमना मात्र नाशिकमधल्या कुठल्याही कॉलेजनं दारात उभं केलं नाही. पंचवटीत एका वृद्धाश्रमात त्या नर्स म्हणून लागल्या आणि पुन्हा गोळ्या वाटायला लागल्या. मी मध्ये कधी भेटायला गेले तर एखाद्या आजोबांशी भांडत असायच्या, "जेवल्यावर म्हणजे जेवल्यावर. चहा म्हणजे जेवण नाही."

पण त्यांचं मन तिथं नव्हतं. सुट्टी मिळाली की त्या सुरगाण्याला जायच्या. आधी एसटी, मग जीप, मग चालत. पहिल्यांदा गेल्या तेव्हा यमुना घरात असून बाहेर आली नाही. दुसऱ्यांदा घराला कडी होती, सगळे दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेलेले. मॅडम बाग शोधत तिथंही पोचल्या. मजुरांच्या पालापाशी यमुना त्यांना भेटली. पाया पडली, नागलीची भाकरी दिली आणि विचारलं, "मॅडम, त्यांना पोरं किती होती?"

"दोन," मॅडमनी सांगितलं.

हे मला मॅडमनीच सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही तिला समजावलं नाही? परत चल म्हणाला नाहीत?"

"म्हटलं ना. ती हो म्हणाली. हो म्हणायची सवय आहे तिला." मग म्हणाल्या, "अहिरे, माझं मी बोलून टाकलं. चारचौघांत बोलले, त्या बाईसमोर बोलले. मला शिक्षा झाली, मला झोप लागते. त्या पोरीला कुणी शिक्षाच केली नाही. ती काय करेल?"

वर्षं गेली. यमुनाचं लग्न झालं, पाड्यावरच, मुलगी झाली. मॅडमची आई गेली. आणि मग मॅडमच्या छातीत गाठ निघाली. त्यांनी वेळेवर दाखवली, उपचार सगळे केले, तरी ती हाडांत उतरली. मी तेव्हा एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. त्यांचे रिपोर्ट घेऊन मी तोंड लपवत गेले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेऊन वाचले, घडी घातली आणि म्हणाल्या, "तुझी सुट्टी कधी आहे? सुरगाण्याला जायचंय. मला एकटीला जीपमध्ये चढवत नाही आता."

जाताना वणीच्या घाटापासून त्यांना पाठ टेकवत नव्हती. जीपवाल्यानं पुढची सीट दिली आणि थेट पाड्यापर्यंत सोडायचं कबूल केलं. एकेका खड्ड्याला त्या डोळे मिटायच्या. गोळी घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "घेतली की झोपेन. झोपायला आलेय का मी?"

यमुनाच्या दारात पोचलो तर तिची मुलगी ओट्यावर गोधडीत पडली होती. तीन वर्षांची असेल. अंग भाजत होतं. कालपासून ताप होता. नवरा दिवसभराच्या कामाला गेला होता. आरोग्यखात्याच्या आशाताई सकाळी येऊन तापाचं सिरप देऊन गेल्या होत्या. ती बाटली भिंतीतल्या कोनाड्यात होती, सीलसकट.

"दिलं नाहीस?" मॅडमनी विचारलं.

यमुनानं कोनाड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सासू देते. ती बाजाराला गेलीय. मला नाय जमत मॅडम. बाटली धरली की हात उडायला लागतो. पोरगी झाल्यापासून एक थेंब दिला नाय मी तिला."

मी बॅग ठेवली आणि कोनाड्याकडे हात केला. "आण, मी देते." मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला.

त्या ओट्यावर, मुलीच्या उशाशी, जोर लावून बसल्या. तिची मान हलवून बघितली, पोट दाबलं, जिभेचा ओलावा बघितला. मग म्हणाल्या, "यमुना, तुझा एक तास राहिलाय माझ्याकडे. घे ती बाटली."

यमुना रडायला लागली. मॅडमनी तिला थांबवलं नाही आणि घाईही केली नाही. ती रडत रडतच उठली, बाटली काढली.

"वाच."

यमुनानं वाचलं. नाव, ताकद, तारीख. आवाज फुटत होता.

"पोरीचं वजन?"

"बारा किलो. अंगणवाडीत केलं."

"मग किती?"

यमुनानं आकडा सांगितला. बरोबर होता. मॅडम बरोबर म्हणाल्या नाहीत. "कशानं मोजशील?" यमुनानं झाकणासोबतचं माप दाखवलं. ते ओतताना तिचा हात इतका थरथरला की सिरप तिच्या मनगटावरून लुगड्यावर सांडलं. पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. माझी बोटं शिवशिवत होती. मॅडम एका हातानं ओट्याची कड घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना काय दुखत होतं ते मला दिसत होतं. तरी त्यांनी बाटलीला हात लावला नाही. तिसऱ्या वेळी माप रेघेला आलं.

यमुनानं पोरीचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि औषध तिच्या गालाच्या आत सोडलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि पाणी मागितलं.

ओट्याखालच्या रस्त्यावरून जीपवाल्यानं हॉर्न दिला. परतीची शेवटची फेरी होती, आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी. मी मॅडमना उठवायला हात दिला.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "ताप उतरेपर्यंत ही माझ्याशिवाय बसायची नाही. मी उद्या येते. हिचा नवरा आणून सोडेल."

तसं त्या दुसऱ्या दिवशी आल्याही, असं मला फोनवर कळलं. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. मी ड्युटीवर होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून मला त्या शेवटच्या आठवतात त्या जीप भरेपर्यंत मागच्या फळीवरून दिसल्या तशा. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेल्या, पाय ओट्यावरून खाली सोडलेले. शेजारी यमुना मुलीच्या कपाळावर तळहात ठेवून बसलेली. ती दर थोड्या वेळानं हात उचलायची, स्वतःच्या गालाला लावून बघायची, आणि परत ठेवायची.